रोलिगचा राहिलेला वाद

मुकुंदा, हँडओव्हर न देता गेलास.

रिलीव्हर कितीही उशिरा येवो, त्याला पॅनेलसमोर बसवून कुठला पंप कुरकुरतोय, कुठला व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय, कुठल्या अलार्मवर विश्वास ठेवायचा नाही, हे सगळं सांगितल्याशिवाय तू कधी शिफ्ट सोडली नाहीस. खाली बस उभी असायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचा आणि तू त्या बिचाऱ्याला म्हणत असायचास, "आता काय समजलं ते मला परत सांग." त्यानं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं की मगच तू हेल्मेट काढायचास. बसमध्ये आम्ही तुझ्या नावानं बोटं मोडायचो. त्यात माझं बोट पहिलं असायचं, हे तुला माहीत होतं.

आणि स्वतः जाताना वहिनींना एक शब्द नाही, मुलाला नाही, मला तर नाहीच. आम्ही सकाळचा चहा टाकला होता. वृंदा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत." एकाच बिल्डिंगमध्ये राहतो आपण, मला लिफ्टची वाट पाहवेना, मी जिन्यानं पळत खाली आलो. तुझ्या दारापर्यंत आलो आणि थांबलो. दार उघडं होतं. आत तुझी चप्पल दिसत होती, फिंतासच्या समुद्रावर फिरायला जायची, अजून वाळू लागलेली. मला उंबरठा ओलांडता येईना. आतून वहिनी हाक मारत होत्या आणि मी चौकट धरून उभा होतो. शेवटी गेलो. पण त्या दारात जी भीती अंगात शिरली ती अजून निघालेली नाही.

तुला विमानानं नाशिकला नेलं. कागदपत्रं झाली, शिक्के झाले, वहिनी आणि ओम तुझ्याबरोबर गेले. खाली तुझ्या फ्लॅटला कुलूप आहे. लिफ्ट तुझ्या मजल्यावर थांबली की मी मोबाईलमध्ये बघतो.

खरं कारण सांगतो कशासाठी लिहितोय ते. शोकसभेत बोलायचं होतं ते मी बोललो नाही. मंडळातले लोक छान बोलले, तू किती हसतमुख, किती मदतीला धावणारा वगैरे. मला म्हणाले, तुम्ही तर जवळचे. मी उठलो, पाणी प्यायलो आणि बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती सांगायची म्हणजे लाज होती. शटडाऊन आलंय, युनिट थंड करायला घेतलंय, आणि त्या कॉलममध्ये मला जायचंय. मॅनहोलपाशी तू नसणार.

मला बंद जागेची भीती वाटते. बघ, लिहून टाकलं. आयुष्य इन्स्पेक्शनमध्ये गेलेला माणूस हे लिहितोय. उंच लोखंडी नळकांडं, आत एकावर एक ट्रे, आणि प्रत्येक ट्रेला माणूस जेमतेम सरपटून जाईल एवढं भोक. हातात टॉर्च आणि हातोडी घेऊन त्या भोकातून वर, मग पुढच्या भोकातून आणखी वर. मी जितका वर जाणार, तितकं बाहेर पडायचं दार लांब जाणार. पगार याचाच मिळतो. बायकोला वाटतं मला नुसता कंटाळा आहे शटडाऊनचा. तिला सांगितलं तर ती तिसऱ्या दिवशी परत चला म्हणेल, आणि मुलगी बारावीत आहे. पुण्यात असतो तर साहेबांना सांगून टेबलावरचं काम मागितलं असतं. इथे आखातात टेबलं भरलेली आहेत. नोकरी गेली की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला आणि अकामा गेला की घर, शाळा, सगळंच गेलं. तेव्हा इथे माणूस गुडघा दुखतो म्हणतो, पाठ धरली म्हणतो, भीती वाटते असं कोणी म्हणत नाही.

हे फक्त तुला माहीत होतं. तेसुद्धा मी सांगितलं नव्हतं.

तेव्हा आपली ओळख जुजबी होती. पुण्याचा इन्स्पेक्शनवाला आणि नाशिकचा शिफ्ट इन्चार्ज, बसमध्ये मान हलवण्यापुरती. त्याच कॉलममध्ये मी अर्ध्यापर्यंत गेलो आणि तिथे माझं अंग बंद पडलं. हात ट्रेवर, पाय खालच्या भोकात, आणि यातलं काहीच हलेना. गॅस टेस्ट झालेली, ब्लोअर चालू, मीटर गप्प, सगळं नियमानुसार. मीच तेवढा नियमात बसत नव्हतो. खाली मॅनहोलशी होलवॉच होता, देवगडचा परब, कंत्राटदाराचा माणूस, आत कोण गेलं, कोण बाहेर आलं यावर नजर ठेवायला बसवलेला. तू आपला सहज फेरी मारत आला होतास. तुझ्या लक्षात आलं की हातोडीचा आवाज थांबलाय. दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं. तू मॅनहोलमध्ये डोकं घातलंस आणि म्हणालास, "रोलिग, रोलिग."

मला वाटलं, कुठल्या तरी देवाचं नाव असेल.

मग तू सुरू झालास. तुझ्या आईचं आणि शेजारणीचं कढीपत्त्याच्या झाडावरून झालेलं भांडण. झाड कोणाच्या हद्दीत, फांदी कोणाच्या हद्दीत, आमटीचा वास कोणाच्या स्वयंपाकघरात. मामा मध्यस्थीला आले ते जेवून गेले आणि भांडण तसंच. तू इतकं रंगवून सांगत होतास की शेवट ऐकायला मी एकेक ट्रे खाली उतरत आलो. बाहेर आल्यावर पाहिलं तर त्या गोष्टीला शेवटच नव्हता. तू मला पाण्याची बाटली दिलीस आणि म्हणालास, चला, जेवायची वेळ झाली. परबनं एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तोही कुठे बोलला नाही.

त्या दिवसानंतर मी जेव्हा जेव्हा आत गेलो, तेव्हा तू मॅनहोलशी होतास. ड्युटी असो की सुट्टी. तुझा काही संबंध नव्हता, होलवॉच होता, सेफ्टीवाला होता. लोक विचारायचे, तू इथे काय करतोस. तू म्हणायचास, पुणेकर आत गेलेत, कॉलमला काय अक्कल शिकवतात ते ऐकतोय. आत मला तुझा आवाज यायचा, कधी भावाच्या गोष्टी, कधी कांद्याच्या, कधी ओमच्या इंग्रजीच्या. आणि हातोडी जरा जरी थांबली की तो शब्द.

आता त्या शब्दाचं. आपलं सगळ्यात लांब भांडण त्याच्यावर झालं आणि ते अर्धं टाकून गेलास.

तुला तो आर्नेनं दिलेला. नॉर्वेचा म्हातारा, कॉम्प्रेसर चालू करायला आलेला. मशीन पहिल्यांदा वेग घेताना तो तुझ्या शेजारी उभा राहून सारखं रोलिग म्हणायचा. रोलिग म्हणजे शांत, निवांत, घाबरू नको. तू तो शब्द उचललास आणि मशीनपासून भाजीपर्यंत कशालाही लावायला लागलास. मला सहन होईना, कारण मी स्वीडनला ट्रेनिंगला राहून आलो होतो. तिथल्या लोकांनी मला एका तळ्यावर नेलं, पोहले, मासे भाजले, आणि परत येताना सगळे एकमेकांना म्हणत होते, रोलिग. म्हणजे मजा आली. माणूस रोलिग म्हणजे गमत्या. मी तुला म्हटलं, अरे, मी आत अडकलेला असताना तू मला मजा, मजा म्हणून ओरडत होतास. तू म्हणालास, मग करायची की मजा, कोणी धरलं होतं?

शुक्रवारी वफ्राच्या शेतांवर भाजी आणायला जाताना हे चालायचं. जाताना वाद, येताना मेथीच्या वासात वाद. तू म्हणायचास, शब्द जन्मला नॉर्वेत. मी म्हणायचो, जन्माचा दाखला आण. मग तू आपल्या भाषांवर यायचास. तो यूपीचा क्लर्क ओमच्या शाळेच्या कागदांसाठी तुला म्हणाला होता, आपके बेटे की शिक्षा कहाँ हुई, आणि तू उखडलास की माझ्या मुलानं काय गुन्हा केलाय. शेजारच्या घरात एकच शब्द दोन कामं करतो, यात एवढं काय, असं तुझं म्हणणं. माझं म्हणणं असं की कामं कितीही करू दे, मॅनहोलशी उभं राहून ओरडताना एकच काम ठरलेलं असावं.

प्लँटवर तिकडचं कोणी आलं की आपण दोघं त्याला गाठायचो. डेन्मार्कच्या त्या बाई आल्या, त्यांनी तुझ्या बाजूनं कौल दिला आणि वर सांगितलं की त्यांच्याकडे रडणाऱ्या मुलालाही रोलिगच म्हणतात. तू त्या दिवशी अख्ख्या बसला खजूर वाटलेस. आर्नेनं तर किस्साच सांगितला होता, स्वीडनचा माणूस काल फार रोलिग झालं म्हणतो आणि नॉर्वेच्या माणसाला वाटतं, अरेरे, बिचारे नुसते गप्प बसले होते. मी म्हटलं, दोन देश एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला म्हणजे हे बहुमत झालं, पुरावा नव्हे. फिनलंडच्या माणसाला आपण पंच करायला गेलो तर तो म्हणाला, माझ्या भाषेचं आणि यांचं नातंच नाही, मला यात ओढू नका. असा सुज्ञ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तू गेल्यानंतर, म्हणजे तुझ्या फ्लॅटला कुलूप लागल्यानंतर, स्वीडनच्या एका कंपनीबरोबर मीटिंग होती, स्क्रीनवर. काम संपल्यावर मी त्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी माझ्या बाजूनं सांगितलं, हो, मजेशीर. मला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच कळलं की सांगायला कोणी नाही. मग ते म्हणाले, पण गंमत अशी आहे, आमच्याकडे ओरोलिग म्हणूनही शब्द आहे, आधी एक ओ लावायचा, नकाराचा. मी म्हटलं, म्हणजे कंटाळवाणं? ते म्हणाले, नाही. ज्याच्या जीवाला घोर लागलाय, तो ओरोलिग. रो म्हणजे विसावा. फार पूर्वी आमचा रोलिगही शांतच होता, पुढे त्याची मजा झाली. पण माणूस घाबरला की त्याच्यासाठी आम्ही अजून तोच जुना शब्द वापरतो.

मी कॅमेरा बंद केला. मुकुंदा, तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या बाजूच्याच देशातून निघाला आणि तू तो ऐकायला नाहीस. मोबाईलमध्ये तुझा नंबर अजून वरच आहे. मी हरलो एवढं लिहिलं आणि मग पुसून टाकलं. ओमच्या हातात असेल तो फोन.

त्या संध्याकाळी मी वहिनींना फोन केला. काही कागद विचारायचे होते, ते निमित्त. बोलता बोलता मी शब्दाचं सांगितलं, त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, ते रोलिग तुम्हाला कुठे म्हणायचे? ते स्वतःला म्हणायचे." तू आयुष्यात एकाही टाकीत, एकाही कॉलममध्ये उतरला नाहीस म्हणे. लहानपणी धान्याच्या कोठीत कोंडला गेला होतास. लिफ्टमध्ये एकटा असलास की पुटपुटायचास. शटडाऊनमध्ये माझा नंबर असला त्या दिवशी सकाळी तुझ्या घशाखाली पोहे उतरायचे नाहीत. मी आत, आणि बाहेर तू माझ्याहून घाबरलेला. आर्ने कॉम्प्रेसरशी तुला ते का म्हणायचा, तेही आत्ता कळलं. तिथेही घाबरलेला तूच होतास.

आणि दुसरं. तू रजेवर नाशिकला जाणार होतास ते पुतण्याच्या लग्नाला, असं मला सांगितलं होतंस. लग्न कसलं. अँजिओग्राफीची तारीख घेतली होती तू. वहिनींना गप्प बसवलं होतंस, पुणेकराला कळलं तर तो इथल्या सगळ्या डॉक्टरांशी वाद घालत बसेल म्हणून. घातला असता. घालायलाच हवा होता. इथे दवाखाने नाहीत का? तिकीट महिना-दीड महिना पुढचं काढलंस, काही घाई नव्हती का तुला? मला तुझा एवढा राग आलाय की तू समोर असतास तर मी तुझ्याशी चार दिवस बोललो नसतो. पाचव्या दिवशी वफ्राला गेलो असतो.

राग येतो, आणि मागोमाग भीती. छातीत जरा कळ आली की मी उठून बसतो. घरचा फोन वाजला की पहिलं तुझं दार दिसतं. बायको विचारते, काय झालं. गुडघा, असं सांगतो. आणि त्यात तो कॉलम. परबच असणार होलवॉच, आणि तो माणूस दिवसभरात चार वाक्यं बोलतो. डॉक्टरकडून कागद आणायचा विचार दोनदा केलाय. आणला तर यंदा सुटेन. पुढच्या वेळी माझी जागा सुटेल.

उद्या सकाळचं परमिट आहे. बाकीचं नंतर लिहितो. किंवा नाही लिहीत.

जाऊन आलो.

सकाळी धूळ होती, समोरचं युनिटसुद्धा दिसत नव्हतं. परब मॅनहोलशी बादली पालथी घालून बसला होता, तुझ्या जागेपासून जरा हटून. तुझी जागा त्यानं मोकळी ठेवली होती. आत गेल्याची खूण म्हणून मी बॅज फळीवर अडकवला. तो तू हातात घट्ट धरून ठेवायचास ते आठवलं, आणि वाटलं आत्ताच परत फिरावं, धुळीनं दम लागतोय म्हणावं, कोणीही मानेल. परबनं टॉर्च पुढे केला. मी आत शिरलो.

पहिले काही ट्रे मी हातोडी उगाच जास्त वाजवली. वर गेलो, आणखी वर. त्याच ट्रेपाशी, जिथे तेव्हा झालं होतं, तिथेच झालं. वरचं भोक लहान दिसायला लागलं. मला माहीत आहे, लोखंड लहान होत नाही, मीच मोजमाप करणारा माणूस. पण ते लहान होत होतं. हात सुटेना. ब्लोअरचा आवाज सगळीकडून येत होता आणि माझा श्वास त्याच्याहून मोठा. तू उठत नव्हतास ती खोली मला समोर दिसली. मला वाटलं, आपणही इथेच, आणि बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही. खाली उतरून गुडघा म्हणायचं मी ठरवलं होतं, पण उतरायलाही पाय लागतात.

तेवढ्यात खालून आवाज आला. जाड, मालवणी आवाज.

"रोलिग, सायबानू. रोलिग."

मला वाटलं, भास. परत आला. मग तो सुरू झाला, त्याच्या हापूसच्या कलमांचं, त्यांच्यावर येणाऱ्या माकडांचं, माकडांना हाकायला भावानं आणलेल्या आणि माकडांशीच दोस्ती केलेल्या कुत्र्याचं. आजवर न बोलला तेवढं सगळं बोलत होता. मी कधी हात सोडला ते कळलं नाही. बसता येईल एवढी जागा होती, बसलो आणि खाली ओरडून विचारलं, "परब, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुकुंद सायबांनी," तो म्हणाला. "रजेर जातंय, मी नसताना तू बघ, असां सांगल्यानी. हातोडी थांबली की ह्यां म्हणूचां, आनी मगे काय तां बोलत ऱ्हवाचां. माझ्याकडसून परत परत म्हणान घेतल्यानी. काय समाजलां तां सांग, म्हणाले."

मी त्या ट्रेवर बसून रडलो. मास्कमध्ये रडणं किती गैरसोयीचं असतं ते तुला कधी कळणार नाही, तू कुठे आत गेलास.

मग मी, माझा स्वभाव, विचारलंच. म्हटलं, त्या शब्दाचा अर्थ काय सांगितला होता साहेबांनी?

"अर्थ माका ठावक नाय," परब म्हणाला. "ह्यां म्हटल्यार, मी भायर आसंय, इतक्यां तुमका समाजता, असां सांगल्यानी."

वाद संपला, मुकुंदा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, तिघांनाही कळवून टाकू. हँडओव्हर मिळाला.

भीती आहे तिथेच आहे. वर अजून ट्रे होते आणि त्यातला एकही मोठा झाला नव्हता. मी टॉर्च दातात धरला आणि पुढच्या भोकात डोकं घातलं. अर्ध्यात परत थांबलो, हातोडी वाजवली नाही, मुद्दाम. खालून शब्द आला. मी ओरडून विचारलं, "आहात ना?"

"आसंय," परब म्हणाला.